माळावर जायचंय, पण नेमकं कुणाला नाही म्हणायला?

पत्र, थोडक्यात: 'ताई, मी ५१ वर्षांची, अविवाहित. सोलापुरात एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहायची नोकरी केली, गेल्या दिवाळीला सोडली. आई गेल्यापासून घरात एकटीच आहे. पाच-पाच दिवसांआड येणारं पाणी, मिरवणुकांचे डीजे, चौकाचौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स, घराघरात हप्त्यांवर आलेल्या वस्तू, या सगळ्याला माझा नकार आहे. नान्नजच्या पुढे आमची वडिलोपार्जित साडेचार एकर जिराईत जमीन आहे. तिथे एक खोली बांधून, पाचशे झाडं लावून, कमीत कमी गरजांत एकटीनं राहायचं ठरवलंय. थोरोनं केला तसा हा माझा निषेध. भाऊ याला पळपुटेपणा म्हणतो. त्याला जमीन प्लॉटिंगला द्यायची आहे, मी अजून सही केलेली नाही. हा निषेध आहे की पळ काढणं, तुम्हीच सांगा.'

तुमचं पत्र चार पानी आहे. वर दिलंय ते त्याचं सार, आणि तुम्ही म्हणालात तसं गावाचं नाव गाळलंय. त्या चार पानांत दीड पान माळावरचं गवत, चंडोल आणि मोकळं आभाळ आहे, पानभर शहराचा राग आहे, बाकी थोरो आणि आईच्या आठवणी. प्लॉटिंगचा विषय एवढ्या एकाच ओळीत येतो, तोही भावाच्या तक्रारीच्या आडून. मला विचाराल तर पत्र तिथूनच सुरू व्हायला हवं होतं. पण त्याकडे येते.

आधी भावाच्या आरोपाचं बघू. आईचं आजारपण तुम्ही काढलंत, नोकरी सांभाळून. भाऊ तेव्हा पुण्यात होता आणि सणाला येत होता, हे तुम्हीच लिहिलंय. अशा बाईला कुठेतरी शांत जाऊन बसावंसं वाटलं, तर तिला पळपुटी म्हणायचा हक्क निदान त्या भावाला तरी नाही. दमलात म्हणून जाताय असं असेल, तर तसंच म्हणा, तेवढं कारण पुरतं. आपल्याकडे बायकांना नुसतं दमायची सोय नसते, ही खरी अडचण. विश्रांतीलासुद्धा काहीतरी मोठं कारण जोडावं लागतं: वारी म्हणा, व्रत म्हणा, नाहीतर तुमच्यासारखा निषेध. तुमच्या पत्रातला निम्मा निषेध मला थकवा वाटला. त्यात कमीपणा काही नाही.

पण उरलेला निम्मा खरा आहे, आणि प्रश्न त्याचाच आहे.

निषेध म्हटला की समोर कुणीतरी लागतो, आणि आपल्या नकारानं त्याचं काहीतरी अडावं लागतं. फ्लेक्स लावणाऱ्याला तुम्ही गाव सोडल्याचं कळणारही नाही. डीजेवाला तुमच्या बंद खिडकीखालून तसाच जाईल. पाणी पाचव्या दिवशीच येईल, आणि तुमच्या गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या बायका ते तसंच रात्री-बेरात्री उठून भरतील, कारण त्यांच्याकडे साडेचार एकर नाही. सरकारचंही काही अडत नाही. माळावर बसून मोबाईलचं रिचार्ज मारलंत की १८ टक्के जीएसटी गेलाच. सोलापूरकराला निषेध करायचा असला की तो जिल्हा परिषदेच्या पूनम गेटला जाऊन बसतो, तिथे निदान येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबाची गाडी तरी अडते. नुसतं दूर जाऊन साधं राहिल्यानं कुणाची गाडी अडते?

तुम्ही थोरोचं नाव घेतलंत म्हणून त्याच्याविषयी थोडं. अमेरिकेतल्या कॉनकॉर्ड गावचा हा लेखक ४ जुलै १८४५ रोजी वॉल्डन तळ्याकाठच्या झोपडीत राहायला गेला आणि ६ सप्टेंबर १८४७ ला परत आला. जागा त्याचा मित्र इमर्सन याची होती, झोपडीचा खर्च २८ डॉलर आणि वर काही सेंट. आपल्याला वाटतं घनदाट अरण्य असेल. तळ्याच्या एका कडेनं रेल्वे जात होती आणि आईवडिलांचं घर चालत जाण्याच्या अंतरावर होतं. जुलै १८४६ मध्ये तो चांभाराकडे दिलेला जोडा आणायला गावात आला आणि तिथे त्याला धरलं, कारण त्यानं काही वर्षांची डोईपट्टी, म्हणजे माणशी बसणारा कर, थकवली होती. जे सरकार गुलामगिरी चालवतं आणि मेक्सिकोवर लढाई लादतं, त्याला पैसा देणार नाही, हा त्याचा मुद्दा. एक रात्र कोठडीत काढली, कुणीतरी परस्पर पट्टी भरली, आणि सुटका झाली म्हणून स्वारी उलट चिडली.

यातली ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की पट्टी भरणं त्यानं झोपडीत जायच्या आधीच बंद केलं होतं. गावात राहिला असता तरी तो तुरुंगात गेलाच असता. म्हणजे नकार आधी, झोपडी नंतर. शिवाय १ ऑगस्ट १८४६ ला, कोठडीतून सुटल्यावर काही दिवसांतच, गावातल्या गुलामगिरीविरोधी बायकांच्या मंडळानं आपली सभा त्याच्या झोपडीच्या दारात भरवली. एकट्याच्या घरापुढे सभा! आपल्याकडे भिंतीवर त्याचं चित्र लावतात त्यात तळं असतं, झोपडी असते, त्या बायका नसतात.

आणि इतक्या लांब कशाला जायचं? सोलापूरचा १९३० चा मे महिना आठवा. गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली, गिरण्या बंद पडल्या, आणि ८ मे रोजी लोक निघाले ते शिंदीची झाडं तोडायला. झाडांवर राग नव्हता कुणाचा. शिंदीपासून ताडी, ताडीतून सरकारला महसूल, म्हणून ती झाडं. गोळीबार झाला, १२ मे ला मार्शल लॉ लागला, आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. चार पुतळ्यांसमोरून आपण रोज जातो. त्या लोकांना कशाला हात घालायचा हे नेमकं माहीत होतं. 'मला हे सगळंच नको' म्हणणं सोपं असतं. 'ही एक गोष्ट मी देणार नाही' म्हणणं अवघड, कारण मग मागायला माणूस दारात येतो.

तुमच्या दारात तो आलेला आहे. भावाच्या रूपानं, आणि त्याच्यामागे प्लॉटिंगवाला. तुमची सही नाही म्हणून साडेचार एकराचे गुंठे पडत नाहीत, मुरमाचे रस्ते आखले जात नाहीत, कमान उभी राहत नाही. तुमच्या आयुष्यातला खरा नकार हा आहे आणि त्यानं कुणाचंतरी खरोखर अडलंय. तो तुम्ही चार पानांतल्या एका ओळीत कोंबलात, बहुतेक घरचं भांडण म्हणून लाज वाटली असेल. माझ्या मते तुमच्या निषेधाचं नाव, गाव, गट नंबर सगळं त्या सहीच्या जागी आहे. मग त्या जमिनीवर जाऊन राहणं म्हणजे त्या नकारावर बसणं होईल. तेव्हा भावाला खुशाल सांगा, पळून गेले असते तर सही करून, पैसे घेऊन फ्लॅटमध्ये गेले असते.

आता पाचशे झाडांचं. हे वाचून मी कपाळाला हात लावला, राग मानू नका. नान्नजचा माळ म्हणजे माळढोकाचा माळ. १९७९ साली तिथे अभयारण्य झालं ते याच पक्ष्यासाठी, आणि आज तो तिथे दिसला तर बातमी होते. उघड्या, कमी उंचीच्या गवतात वावरणारा, लांबवर नजर टाकून जगणारा, पावसाळ्यात मोकळ्या जमिनीवर एकच अंडं घालणारा हा पक्षी. खोकड, लांडगा, काळवीट आणि तुमचा तो चंडोल, सगळे गवताचे रहिवासी. तिथे झाडांची रांग उभी करणं म्हणजे त्यांना घर सोडा म्हणून सांगणं. सरकारी कागदानं या जमिनीला 'पडीक' म्हणायचं, प्लॉटिंगवाल्यानं 'डेव्हलप' करायची म्हणायचं, आणि निसर्गप्रेमी माणसानं 'हिरवीगार' करायची म्हणायचं. तिघांनाही माळ आहे तसा चालत नाही. बांधावरची बोर-बाभळ असू द्या, खोलीजवळ सावलीला एखादा लिंब लावा. बाकी गवत वाढू द्या, पिकाची जमीन पिकाला ठेवा.

हे अभयारण्य सुरुवातीला ८,००० चौरस किलोमीटरहून मोठं होतं, गावं आणि लोकांची शेतं पोटात घेऊन. नंतर ते सुमारे १,२०० वर आणलं. म्हणून बांधकामाला वीट आणण्याआधी तुमचा गट आज हद्दीत येतो का, लगतच्या संवेदनशील पट्ट्यात येतो का, हे वन विभागाच्या कार्यालयात आणि तहसीलला लेखी विचारून घ्या. शेजारच्यानं बांधलंय म्हणून आपलंही चालेल, असं समजू नका.

तारेच्या कुंपणाचा विचार असेल तर तोही सोडा. त्या भागात धनगरांची मेंढरं फिरतात. ज्वारी निघाली की शेतात मेंढरं बसवायची, रात्रीत जमिनीला खत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात, ही चाल जुनी आहे. प्लॉटच्या कुंपणानं जी वाट बंद होणार तीच तुमच्या कुंपणानंही होईल. आणि या माणसांशी बोललात तर आणखी एक होईल. डोक्यावर घोंगडं, काठीला फडक्यात भाकरी आणि शेंगाचटणी, आज इथं उद्या तिथं, हे त्यांचं नेहमीचं जगणं. त्याला कुणी निषेध म्हणत नाही, सदरात पत्रही येत नाही. तुमच्या साधेपणाला परतीचा रस्ता आहे, बँकेत फंडाचे पैसे आहेत. त्याची लाज बाळगू नका, फक्त तो फरक विसरू नका, म्हणजे 'मला काहीच लागत नाही' असं वस्तीवर कुणासमोर बोलून जाणार नाही.

आता कागद, कारण तुमच्या बाबतीत सगळा निषेध कागदावर उभा आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. महाराष्ट्रानं ही दुरुस्ती १९९४ मध्येच केली, देशभर २००५ मध्ये झाली, आणि २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. सातबाऱ्यावर तुमचं नाव लागलंय का ते ताजा उतारा काढून बघा. आई गेल्यानंतरची वारसनोंद झाली का, फेरफार काय म्हणतो, हेही पाहा. नसेल झालं तर तलाठ्याकडे अर्ज. हक्कसोडपत्रावर सही करू नका, राखीपौर्णिमेला तर अजिबात नाही. आपल्याकडे बहिणीचे हक्क साडी-चोळीवर सुटतात आणि सगळे डोळे पुसतात. 'फक्त कामापुरतं' म्हणून आणलेलं मुखत्यारपत्र तर त्याहून वाईट. दोघांची संमती असेल तर तहसीलदारांकडे महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली वाटप होतं, मोजणी करून हद्दी निघतात. संमती नसेल तर दिवाणी न्यायालय, आणि तिथला वेळ तुम्हाला मी सांगायला नको. भाऊ आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो, तुमचा नाही. एखाद्या महसुली कामं करणाऱ्या वकिलाला कागद दाखवा, ओळखीच्या नव्हे, फी घेणाऱ्या.

राहण्याचं. तुम्ही माळावर मुक्काम केलात तो जानेवारीत, हुरड्याच्या दिवसांत. तेव्हा सगळ्यांनाच तिथे राहावंसं वाटतं. सकाळी धुकं, आगटीभोवती चटणी आणि गरम कोवळे दाणे, संध्याकाळी स्वेटर. आता मे महिन्यात जा आणि कुणाच्या तरी वस्तीवर पंधरा दिवस काढा. पारा ४३-४४ ला जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत दुपारी बसता येत नाही, भांडंसुद्धा हाताला लागत नाही. म्हणून पत्र्याचं शेड बांधू नका, स्वस्त पडतं तरी. त्या भागातली जुनी माळवदाची घरं बघा: जाड भिंती, वर लाकडी तुळया-किलचाण, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गेलं की जिवाला बरं वाटतं. दरवर्षी पावसाआधी वर चढून माती सारखी करावी लागते, नाहीतर पहिल्याच वळवाला गळायला लागतं, आणि ते काम जाणणारी माणसं आता कमी झालीत. पण आहेत, विचारा.

पाणी पाहिल्याशिवाय बाकी काही ठरवू नका. शहरातल्या पाच दिवसांआडच्या पाण्याला नकार देऊन तिथे गेलात आणि एप्रिलात बोअरनं फुफाटा टाकला, तर टँकरवाल्यापुढे उभं राहावं लागेल. शेजारच्या विहिरीला मे अखेर किती पाणी असतं, एवढं विचारा. छपराचं पाणी साठवायची टाकी खोलीबरोबरच बांधा.

साप. घोणस, फुरसं, नाग, मण्यार, चारही आपल्याकडे आहेत. जमिनीवर झोपायचं नाही. बाज आणि कडा नीट खोचलेली मच्छरदाणी, कारण मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते. अंधारात बॅटरी आणि बूट. चावलाच तर मांत्रिक नाही, आवळपट्टी नाही, थेट सरकारी दवाखाना, १०८ ला फोन. म्हणजे फोन लागतोच, तो सोडायचा विचार मनातून काढा. बाकी चूल की गॅस, दिवा सौर की लाईटचा, ते तुम्ही बघालच.

पोटाचं फक्त एवढंच: तुमच्या वाट्याच्या सव्वादोन एकर जिराईतात मालदांडी येईल, पाऊस नीट झाला तर. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, जमिनीतल्या ओलीवर यायची. खायला तुम्हाला पुरेल, विकून औषधपाणी होईल असं धरू नका. काढणीला माणूस मिळत नाही ही तिथली रोजची तक्रार आहे, म्हणून पेरणीआधीच शेजाऱ्याशी सावड ठरवा. तुम्ही त्यांच्या शेतात, ते तुमच्या.

यावरून दिसलंच असेल, एकटं राहायला किती माणसं लागतात. आणि बाई एकटी आलीय हे आठवड्यात दहा वाड्या-वस्त्यांना कळलेलं असतं. लपून राहायचा प्रयत्न केलात तर गोष्टी रचल्या जातील. त्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात वस्तीवरच्या म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन बसा, कोण, कुणाची, किती दिवस, सगळं आपणहून सांगा. तुम्हाला हिशेब येतो. बचत गटाची वही, पीकविम्याचे अर्ज, दवाखान्याची कागदं, यातलं काही करून दिलंत तर तुमच्याकडे लोक कामानं येतील आणि लक्षही ठेवतील. नुसतं निसर्गात राहायला आलेय म्हणालात तर त्यांना काही समजणार नाही, समजायचं कारणही नाही.

राहता राहिला भाऊ. त्याच्याशी फोनवर बोलू नका, पुण्याला जा आणि वहिनींनाही समोर बसवा. पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की पुतण्याच्या इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष आहे. मग प्लॉटिंगची घाई हव्यासापोटी आहे की फीपोटी, हे आधी त्यांच्या तोंडून ऐका. फीचा प्रश्न असेल तर किती रक्कम, कधी, ते विचारा. तुमच्या फंडातून काही देता येत असेल तर द्या, पण उसने म्हणून, चिठ्ठी करून. हव्यास असेल तर वाटपाचा अर्ज त्याच्यासमोर ठेवा. वाटप झालं की तो त्याच्या हिश्श्याचं त्याला हवं ते करेल, आणि कायद्यात बसत असेल तर तुम्हाला ते अडवता येणार नाही. मग तुमच्या बांधाला लागूनच सिमेंटचे खांब, मुरमाचा रस्ता आणि 'फक्त काही प्लॉट शिल्लक'ची पाटी उभी राहील, कदाचित वाढदिवसाच्या फ्लेक्ससकट. त्याच्या शेजारी राहायची तुमची तयारी आहे का, की तुमचा नकार सगळ्या साडेचार एकरांसाठी होता? मे महिना काढून आलात की मला लिहा.